लाकडी घराखालचे निळे दाणे

मावशींना सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे रक्ताच्या नात्याने त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. पण गल्लीच्या तोंडाशी त्यांनी पाळणाघर उघडलं आणि बघता बघता त्या सगळ्यांच्या मावशी झाल्या. पोरं मावशी म्हणायची, पोरांचे आईबाप मावशी म्हणायचे. एकदा पाण्याचं मीटर बघायला आलेला माणूसही जाताना "येतो मावशी" म्हणून गेला. त्यांची नणंद त्यांच्याच घरी राहायची आणि पाळणाघरातही हाताशी असायची. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. घरातली मुलं तिला आत्या म्हणायची म्हणून पाळणाघरातलीही म्हणू लागली, आणि शेवटी मावशींच्या तोंडीही तेच बसलं. खोल्या मावशींकडे आणि अंगण आत्याकडे, ही वाटणी कुणी बसून केली नव्हती. ती आपोआप पडत गेली होती.

अंगण तसं लहानच. एक घसरगुंडी, एक वाळूचा हौद आणि मागच्या भिंतीला लागून एक लाकडी घर. मोठं माणूस आत वाकूनच जाऊ शकेल एवढं. मावशींचे यजमान सुतार. उरलेल्या फळ्यांतून त्यांनी ते घर बांधलं होतं आणि ओल लागू नये म्हणून विटांवर उचलून बसवलं होतं. भिंतीपलीकडे खोक्यांचं गोदाम होतं. दिवसभर तिथून चिकटपट्ट्या फाडल्याचा चर्रर्र आवाज यायचा, आणि पोरं त्या आवाजाची नक्कल करायची.

त्या वर्षी उंदीर झाले. आत्याला वाळूच्या हौदाच्या कडेला लेंड्या दिसल्या, मग पायपुसण्याचा कोपरा कुरतडलेला सापडला. ती रोज कुरकुर करायची, "वहिनी, औषध घालू या."

"अंगणात मुलं खेळतात. औषधबिषध काही आणायचं नाही."

"मग काय, उंदरांचीही नावं हजेरीत घालायची?"

मावशी हसल्या आणि विषय तिथेच राहिला. करू काहीतरी, बोलावू कुणालातरी, असं म्हणता म्हणता दिवस गेले.

मग ती दुपार आली. मुलं लाकडी घरात भातुकली मांडून बसली होती. मावशींना आग्रहाचं बोलावणं आलं, तेव्हा त्या वाकून आत गेल्या आणि मांडी घालून बसल्या. समोर प्लास्टिकची ताटली आली. वाळूचा ढीग, त्यावर चुरलेली पानं.

"भाजी आहे. सगळी संपवायची," वाढणारीने दम दिला.

मावशींनी नेहमीसारखा खोटा घास घेतला, मचमच आवाज केला, "वा, काय झालीय भाजी!" म्हणाल्या. दुसरा घास उचलताना त्यांची नजर ताटलीत गेली. पानांमध्ये निळे दाणे होते. गडद निळे, गव्हाएवढे.

"हे काय घातलंयस गं यात?"

"मटार. निळे मटार."

मावशींच्या छातीत धस्स झालं. असे दाणे त्यांनी दुकानात पाहिले होते, वरच्या फळीवर, उंदराचं चित्र काढलेल्या पाकिटात. ताटली हातातून पडली नाही, उलट बोटं तिच्याभोवती अशी आवळली गेली की सुटेनात. आपण ओरडलो तर पोरं घाबरतील, एवढं एकच त्यांना कळत होतं. आवाज शक्य तितका साधा ठेवून त्यांनी विचारलं, "ही भाजी कुणी कुणी खाल्ली?"

पाच हात वर झाले.

"खरी खरी खाल्ली?"

पाचही हात तसेच वर.

"आणि कुणी नाही खाल्ली?"

पुन्हा तेच पाच हात, जरा जास्तच उत्साहाने.

मावशींना हसू यायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना दरदरून घाम फुटला. मुलांना आत नेलं, दार लावलं आणि स्वयंपाकघरात धावत जाऊन त्या ग्लासात मीठ ढवळू लागल्या. उलटी काढायची, दुसरं काही सुचतच नव्हतं. दुसऱ्या हाताने फोन लावला होता. पलीकडून मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, थांबा. मीठपाणी पाजू नका. उलटी काढू नका. तोंडं पुसा, हात धुवा, आणि ते दाणे पिशवीत घालून घेऊन या. अंगणात होती ती सगळी मुलं आणा. कुणी खाल्लं म्हणतंय त्यावर जाऊ नका."

आईबाप कामं टाकून धावत आले. कुणी पायात वेगवेगळ्या चपला घालून आलं होतं. पाळणाघराच्या दारात गर्दी झाली. एका बापाने मुलाला उचलून छातीशी धरलं आणि त्याच्या डोक्यावरून मावशींवर ओरडला, "तुमच्या अंगणात विष आलंच कसं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं झालं होतं की कुणी त्यांना मुलांबद्दल विचारलं आणि त्यांना सांगता आलं नाही. त्यांची नजर भिरभिरली आणि आत्यावर थांबली. तोंडातून शब्द कसे निघाले ते त्यांना नंतरही कळलं नाही.

"आत्या, तू टाकलंस का?"

आत्याने एका मुलीच्या बुटाची नाडी बांधायला घेतली होती. हात तसाच राहिला.

"मी?" ती म्हणाली. एवढंच. मग तिने नाडी पूर्ण बांधली, उठली आणि गर्दीतून वाट काढत घरी निघून गेली. बघणाऱ्यांना वाटलं, गुन्हा कबूल झाला. मावशींनाही तसंच वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दाणे पाहिले, मुलांची तोंडं, हिरड्या पाहिल्या. मुलं मजेत होती, एकमेकांच्या खुर्च्या ओढत होती. "या औषधाने रक्त गोठायचं थांबतं," बाई म्हणाल्या, "पण लगेच नाही. आज तपासून फारसं कळणार नाही. परवा सगळ्यांचं रक्त तपासू. तोवर पडू देऊ नका, लागू देऊ नका. कुठून रक्त आलं तर लगेच इकडे."

परवा! विष पोटात गेलंय की नाही हे कळायला परवापर्यंत थांबायचं, हे मावशींच्या डोक्यात शिरतच नव्हतं. घरी आल्या तेव्हा आत्याने स्वयंपाक करून ठेवला होता आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. यजमानांनी दोघींकडे पाहिलं आणि काही न विचारता जेवून उठले. मावशींना घास गिळवेना.

रक्ताचे निकाल आले. हात वर करणाऱ्या त्या पाचजणांना काहीही झालेलं नव्हतं. मावशींनी डोळे मिटले, आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण एक निकाल वाईट आहे."

तो मुंगीचा होता. साडेतीन वर्षांची पोर, सतत जमिनीकडे बघत चालायची, कुणाच्या अध्यातमध्यात नसायची, म्हणून आत्यानेच तिला मुंगी नाव दिलं होतं. तिने हात वर केला नव्हता. मावशींनी तिला तपासायला आणलं होतं ते केवळ डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आणा म्हटलं म्हणून. तिचं रक्त गोठायला नको तितका वेळ लागत होता. सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त आलं होतं, पण आईला वाटलं ब्रश लागला असेल.

मुंगीला दाखल केलं, इंजेक्शनं सुरू झाली. तिची आई शिवणकारखान्यात कामाला. ती ओरडली नाही, रडलीही नाही. पलंगाच्या कडेला बसून लेकीच्या फ्रॉकची उसवलेली शिवण बोटाने चाचपत राहिली. मावशींना वाटलं, हिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मुंगी," मावशींनी तिच्या उशाशी वाकून विचारलं, "तू ते निळं कधी खाल्लंस गं?"

"रोज."

मावशींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "रोज?"

"थोडं थोडं. मीच आणते. भाजीत घालायला मीच देते सगळ्यांना."

"मग मी विचारलं तेव्हा हात का नाही वर केलास बाळा?"

"तू विचारलंस, भाजी कुणी खाल्ली." मुंगी जरा वैतागलीच. "मी भाजी नाही खाल्ली."

तिच्या आईने पहिल्यांदा मान वर केली. "कुठून आणतेस?"

"घराच्या खालून. फळी आहे ना तुटकी, तिथे हात जातो."

"तिथे कोण ठेवतं?"

"माहीत नाही," मुंगी म्हणाली. "संपलं की परत येतं."

मावशींच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्याच दिवशी यजमानांनी पटाशी लावून लाकडी घराच्या तळाच्या फळ्या उचकटल्या. पहिली फळी निघाली आणि ते मागे सरकले. खाली कागदाच्या चिंध्या, कापसाचे बोळे, पायपुसण्याचा हरवलेला कोपरा, आणि त्यात निळ्या दाण्यांची रास. मूठभर नव्हे, सुपाने भरावेत इतके दाणे. बाजूला बिस्किटांचा चुरा, केळ्याच्या सालींचे वाळलेले तुकडे. मागच्या भिंतीत, विटेच्या कडेला, एक गुळगुळीत झालेलं भोक होतं. त्यातून चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

गोदामाचा मालक भला माणूस होता. ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आम्ही थाळ्यांत उघडंच ठेवायचो हो. रोज सकाळी थाळी रिकामी. आम्ही खूश, म्हटलं भराभर मरतायत. परत भरायचो."

उंदीरनियंत्रणाचं काम करणाऱ्या बाईंना बोलावलं, तेव्हा त्यांनी भोकात टॉर्च मारून सांगितलं की सुटे दाणे उंदीर जागच्या जागी खात बसत नाहीत. तोंडात धरून बिळात नेतात आणि साठवतात. "पण बीळ इथेच का केलं, तेही बघा. पायरीवर खाऊ सांडतो, चिमण्यांसाठी दाणे टाकता, खाली कोरडी जागा. उंदराला अजून काय हवं?"

पायरीवर बसून खाऊ खायची सवय मावशींनीच लावली होती. चिमण्यांना दाणेही त्याच टाकायच्या. विष पलीकडून आलं हे खरं, पण ते जिथे साठलं ती जागा आपणच तयार केली होती. आणि बोट मात्र तिसरीकडेच दाखवलं.

संध्याकाळी त्या घरी गेल्या. आत्या ओट्यापाशी कणीक मळत होती.

"आत्या, तू नव्हतंस टाकलं."

"कळलं मला. दादाने सांगितलं."

"मी... माझं डोकं ठिकाणावर नव्हतं गं. माझं चुकलं."

आत्या मळत राहिली. मग म्हणाली, "विचारलंस त्याचं काही नाही वहिनी. विचारायलाच हवं होतं. पण पोरांसमोर विचारलंस. त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधते मी." तिचा आवाज फाटला. "आणि दुसरं सांगू? घरी येईपर्यंत मी आठवत होते, खरंच टाकलं का मी कधी? रागाच्या भरात, विसरून? घरी येऊन पिशव्या उलट्या केल्या, पदर झाडला. माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता."

मावशी तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. कणकेचा गोळा झाकून आत्या म्हणाली, "उभी काय राहिलीस, पोळपाट दे."

आत्या लगेच पाळणाघरात आली नाही. मावशींनी आधी सगळ्या आईबापांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर, मुलांसमोर, स्पष्ट सांगितलं की आत्याचा काही दोष नव्हता, मी खोटा आळ घेतला. ओरडणारा बाप खाली बघत होता. काही घरांनी तरीही मुलं काढली. मावशींनी कुणाला अडवलं नाही.

मुंगीला बरेच आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या आणि पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागलं. सुई बघितली की ती दवाखाना डोक्यावर घ्यायची. गप्प पोरीच्या गळ्यात एवढा आवाज होता, हे तिच्या आईलाही नवीन होतं. शेवटचा निकाल चांगला आला तेव्हा ती आई पाळणाघराच्या दारात आली. लेक परत पाठवणार का, हे विचारायची मावशींची हिंमत नव्हती. ती म्हणाली, "सोमवारपासून येईल. पण आधी मला अंगण दाखवा."

मावशींनी दाखवलं. भिंतीतलं भोक जाळी आणि सिमेंटने बुजवलेलं. खाली पोकळी नको म्हणून लाकडी घर काढून टाकलेलं. वाळूच्या हौदावर झाकण, कचऱ्याच्या डब्यालाही घट्ट झाकण. खाऊ आता आत, टेबलावर. पलीकडे गोदामातल्या उघड्या थाळ्या गेल्या होत्या. उंदीरनियंत्रणवाल्या बाईंनी तिथे कुलूपबंद सापळे बसवले होते आणि त्या स्वतः येऊन ते बघून जायच्या. आईने प्रत्येक ठिकाणी वाकून, हात घालून पाहिलं. मावशी तिच्यामागे परीक्षेला बसल्यासारख्या उभ्या होत्या.

पुढे घसरगुंडीच्या खाली गांधीलमाश्यांनी पोळं धरलं. आत्या तोवर पुन्हा येऊ लागली होती; मुलं येण्याआधी अंगण तपासताना तिला ते दिसलं. एका मुलाचे आजोबा म्हणाले, मारा की फवारा, दोन मिनिटांचं काम. दोघी एकदमच "नाही" म्हणाल्या. ती बाजू दोरी लावून बंद केली, पोरांना आत ठेवलं आणि सुट्टीच्या दिवशी माहीतगार माणसाकडून पोळं काढवून घेतलं.

नवं मूल घालायला कुणी आलं की मावशी फीच्याही आधी निळ्या दाण्यांची गोष्ट सांगतात. स्वतःहून, सगळी, आत्यावर घेतलेल्या आळासकट. काहीजण ऐकता ऐकताच उठून जातात. "अशाने एक दिवस रिकाम्या खोल्या झाडत बसू आपण," आत्या म्हणते.

परवा एक तरुण बाप शेवटपर्यंत ऐकत बसला. कडेवरची पोर त्याच्या चष्म्याशी झोंबत होती. गोष्ट संपल्यावर तो म्हणाला, "माझ्या घरी गॅलरीत ठेवलंय तसलं औषध. उघडंच." आणि पोरीला तशीच कडेवर घट्ट धरून तो घराकडे जवळजवळ पळतच सुटला.