दारफळणीच्या दिवशी उघडलेलं दार

फोन आला तेव्हा माझ्या हातात कात्री होती. टेबलावर कुणा नवरीचा शालूतला ब्लाऊजपीस पसरलेला, गळ्याची खूण करून झालेली. फोनवर सॅमसनभाऊजी होते, माझ्या मैत्रिणीचे, रिबकाचे यजमान. "सुमनवहिनी, रिबका गेली. भाजी निवडता निवडता बसल्या जागी..." एवढंच बोलले. मी म्हटलं, "बरं." माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी बरं म्हणतं का? मी म्हटलं. फोन ठेवला आणि राहिलेला गळा कापून पुरा केला. जरासुद्धा वाकडा गेला नाही. मग आतल्या खोलीत जाऊन माझ्या मुलाला, अमोलला, सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. आता या गोष्टीला महिना होऊन गेला. शेजारणी येतात, रडून घे म्हणतात, मन मोकळं होईल म्हणतात. मला रडू येत नाही. हात अंगाखाली येऊन झोपी गेला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालंय. म्हणून निदान आठवतं तेवढं लिहून तरी ठेवावं, असं वाटलं.

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर हे तिघं भाड्यानं राहायला आले. भाऊजी रेल्वेत मालधक्क्यावर कारकून, सोबत नवी नवरी रिबका आणि त्यांच्या आई हन्नाबाई. अलिबागकडचे ज्यू लोक. तिकडं त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. पण आमच्या गल्लीत ज्यू हा शब्दच कुणी ऐकलेला नव्हता. माझ्या सासूबाईंनी, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, दोन दिवस निरीक्षण करून निकाल दिला. "नावं इलायती, लुगडं आपल्यावाणी, आन् कोंबडी कुणी कापली त्ये इचारून खात्यात. असूं दे, माणसं बरी हाईत." रिबका तेव्हा इतकी हळू बोलायची की आत्याबाई तिला दोनदा विचारायच्या, "काय म्हणलीस?" पुढं दहा वर्षांत तीच रिबका जिन्यावरून ओरडली की कोपऱ्यावरचा पानवाला मान वर करून बघायचा. कोल्हापूरनं तिला दुसरं काही दिलं नसेल, आवाज मात्र दिला.

त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास आमच्या दसऱ्याच्या आगेमागे, नाहीतर गणपतीत यायचा. पुस्तकातलं त्याचं नाव वेगळं आहे, पण हन्नाबाई त्याला दारफळणीचा सण म्हणायच्या. आदल्या संध्याकाळी दार बंद करायचं, पांढरे कपडे घालायचे, देवाची प्रार्थना करायची आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत बाहेरच्या कुणाला भेटायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. पहिल्या वर्षी एवढंच कळलं की नवरात्रातच रिबकाचाही उपास आहे आणि तिला सहावा महिना लागलेला. आत्याबाईंचा जीव वरखाली. पोटुशी बाई, सासू म्हातारी, नवरा देवळात प्रार्थनेला पुण्याला गेलेला. त्यांनी तुपात जिऱ्या-मिरचीची फोडणी देऊन पातेलंभर साबुदाण्याची खिचडी केली, वर दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं, आणि मला वर पिटाळलं.

मी दार वाजवलं. उत्तर नाही. हाक मारली. आत कुणीतरी चालल्याचा आवाज येतोय, पण दार काही उघडत नाही. आत्याबाई खालून ओरडल्या, "काय झालं गं?" मी म्हटलं, उघडत नाहीत. झालं! त्या गुडघे धरत वर आल्या, मागोमाग चार बायका, आणि समोरचा सुतार पटाशी घेऊन जिन्यात उभा. बाई आत पडलीबिडली असंल, फोडा दार, असा सगळ्यांचा एकच गलका. तेवढ्यात खिडकीची एक फळी बोटभर उघडली. हन्नाबाईंचा हात बाहेर आला आणि 'जा जा' करून आत गेला. एक शब्द नाही. आत्याबाई जिन्यातच मटकन बसल्या. खिचडी शेवटी सुतारानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रिबका खाली आली ती हसतच. "काकी, तुमच्या खिचडीनं काल माझा जीव घेतला असता." फोडणीचा वास दाराच्या फटीतून आत गेला आणि हिला असे डोहाळे लागले की उभं राहवेना. तेव्हा हन्नाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि कानात हळूच सांगितलं, "आज दारफळणी आहे." त्यांच्यात जुनी रीतच आहे ती. गरोदर बाईला वासानं इच्छा झाली तर आधी कानात दिवसाची आठवण द्यायची. तेवढ्यानं निवली तर ठीक, नाहीतर तिला खायला द्यायचं, जिवापेक्षा उपास मोठा नाही. रिबका निवली. श्रेय हन्नाबाईंनी तिला दिलंच नाही, पोटातल्या लेकराला दिलं. आपलं लेकरू आहे, त्याला बरोबर समजलं, म्हणाल्या. आत्याबाईंना ते पटलं नाही. "पान्याचा थेंब न्हाय? ह्यो कसला उपास गं बया! आमच्यात उपास म्हणलं की माणूस रोजच्याहून चार घास जास्तच खातंय."

थंडीत रूथ झाली. पुढच्या पावसाळ्यात माझा अमोल. माझं पोट कापून बाळंतपण झालं, जखम पिकली, तापानं महिनाभर उठवेना आणि अंगावरचं दूध पार आटून गेलं. डब्याचं दूध पोराला पचेना. पाजलं की उलटायचा, नाहीतर जुलाब. पोर मूठभर होऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, कुठूनही अंगावरचं दूध मिळवा, तरच काही आशा. मी छताकडं बघत पडलेली. रिबकानं ते जिन्यातून ऐकलं असणार. ती खाली आली, माझ्या कुशीतून अमोलला उचललं आणि भिंतीला पाठ टेकून त्याला पदराखाली घेतलं. जन्मभर कुणाच्या हातचं पाणी चालतं नि कुणाच्या हातचं नाही याचा हिशेब ठेवणाऱ्या आत्याबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि चुलीपाशी तोंड दाबून रडल्या. त्या दिवसापासून तो रिबकाच्याच अंगावर वाढला. रूथ मऊ भात खायला लागली होती, तिचं भागायचं.

आणि त्यातच तो सण आला. या वेळी गणपतीत. दार तर बंद होणार, मग पोराचं काय? रिबकानंच तोड काढली. "त्याला आदल्या संध्याकाळी माझ्याकडे दे. चांदण्या दिसल्या की घेऊन जा." हन्नाबाईंनीही मान डोलावली. मी माझं पोर त्या दाराच्या आत दिलं आणि कडी लागलेली ऐकली. भाऊजी पुण्याला. सकाळपर्यंत सगळं ठीक होतं. दुपारी अमोलच्या रडण्याचा आवाज आला. थांबेल म्हटलं. थांबेना. मी पोटाचे टाके हातानं धरून जिन्यात जाऊन बसले. खाली मंडळाचा कर्णा लागलेला, त्यातून धड ऐकूही येईना. आत्याबाई रस्त्यावर गेल्या. "बंद करा रं त्ये! माझं पोर रडतंय वर, मला ऐकू दे!" पोरांनी मुकाट्यानं बंद केलं. सगळी गल्ली गप्प झाली. मग नीट ऐकू आलं... रडणं बारीक होत चाललेलं, मांजराच्या पिल्लासारखं.

मी दार वाजवलं नाही. वाजवायला हात उचलवत नव्हता. तिचं सगळं वर्ष त्या एका दिवसावर आहे, हे तिनंच मला सांगितलेलं. वर्षभर कोण राहणार आणि कोण जाणार, घरात काय येणार आणि काय जाणार, ते देवाच्या दरबारात त्या दिवशी ठरतं. मी काय म्हणून तिला उपास सोड म्हणणार होते? आणि माझं पोर तर आत मरत होतं.

तेवढ्यात कडी निघाली. दार उघडलं. पांढरी साडी, मीच शिवून दिलेला पांढरा ब्लाऊज, ओठ सुकून गेलेले, खांद्यावर अमोल. "सुमन, दूध उतरत नाही गं. दोन्हीकडे लावून बघितलं." मागं हन्नाबाई प्रार्थनेचं पुस्तक छातीशी धरून उभ्या. आत्याबाई जिन्यातूनच म्हणाल्या, "मग पानी पी की गं बाई! द्येव काय पोलीस हाय व्हय?" रिबकानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. ती सासूकडं वळली. "आई, रूथ असती तर मी दार उघडलं नसतं. ती आपली आहे, तिनं दम धरला असता. गेल्या वर्षी तुम्ही कानात सांगितलंत, तिला कळलं. ह्याच्या कानात काय सांगू? ह्याचा काय संबंध आपल्या सणाशी? ह्याला मी कुठल्या हक्कानं उपाशी ठेवू?"

हन्नाबाईंनी पुस्तक मिटलं. मग आत जाऊन औषधाची छोटी वाटी पाण्यानं भरून आणली. "एकदम नको. तोंड भरणार नाही एवढाच घोट घे. मग थांब. मग पुन्हा." रिबका उंबऱ्यातच बसली. पहिला घोट घेताना निम्मं पाणी साडीवर सांडलं. ती मोठ्यानं म्हणाली, "देवा, बघतोयस ना? चोरून नाही पीत." आणि रडली. घोट, थांबणं, घोट. मग साखरेचं पाणी, मग पातळ पेज. उन्हं उतरायला लागली तेव्हा अमोलच्या घशातून गटगट आवाज आला. दार त्या दिवशी पुन्हा लावलं नाही. हन्नाबाई उंबऱ्यातच पाट टाकून राहिलेली प्रार्थना म्हणत बसल्या.

अमोल जगला, धष्टपुष्ट झाला, वात्रट निघाला. कुणाची खिडकीची काच फोडली, परीक्षेत आपटला, की रिबका गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायची, "ह्याच्यासाठी मी त्या दिवशी पाणी प्याले व्हय? आणा त्याला हिकडं!" तो तिच्या पदरात तोंड लपवायचा. एरवी कुणालाच न जुमानणारं ते कार्टं. पुढं त्यांनी उचगावकडं स्वतःचं घर बांधलं, हन्नाबाई गेल्या, रूथ शिकायला पुण्याला गेली. रिबकाला मात्र रूथनंतर मूल झालं नाही. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. एकदा संध्याकाळी रंकाळ्यावर आम्ही दोघी बसलेलो, तेव्हा तिनं विचारलं. आयुष्यात एकदाच. "सुमन, मी चुकले का गं त्या दिवशी? खरं सांग." मी म्हटलं, "मला काय कळतंय तुमच्या देवाचं? माझ्यापुरतं विचारशील तर मला दुसरा देव बघायची गरजच पडली नाही." ती खो खो हसली. "व्हय, लई शाणी हाईस," म्हणाली आणि शेंगांचा पुडा माझ्याकडं सरकवला. तिचं समाधान झालं की नाही, मला माहीत नाही. आता विचारताही येणार नाही.

तिला पुण्याच्या त्यांच्या दफनभूमीत नेलं. आम्ही मागून जीपनं गेलो. त्यांच्यात दफनाआधी पोटच्या मुलांनी अंगावरचं कापड फाडायचं असतं, डाव्या बाजूला, काळजावर. प्रार्थना सांगणारे म्हातारे काका ब्लेड घेऊन पुढं आले. रूथच्या ड्रेसला त्यांनी गळ्यापाशी खाच दिली, बाकीचं तिनं हातानं फाडलं. ते ब्लेड कागदात गुंडाळायला लागले, तर ती म्हणाली, "काका, ह्यालाही." अमोलकडं बोट. काकांनी कोण म्हणून विचारलं. मग म्हणाले, "बाळा, आपल्यात असं नसतं." रूथ सोळा वर्षांची पोर, पण ऐकेना. "काका, आईनं दारफळणीचा उपास माझ्यासाठी नाही मोडला. ह्याच्यासाठी मोडला. जन्मभर तिच्या मनाला ते लागून राहिलं. आता मी एकटीनंच कसं फाडायचं?" काकांनी ब्लेड पुन्हा हातात घेतलं. फाडताना म्हणायची प्रार्थना त्यांनी म्हटली नाही. शर्टाला नुसती खाच दिली आणि बाजूला झाले. अमोलनं दोन्ही हातांनी ओढलं. कापड फाटण्याचा आवाज मी रोज ऐकते, माझा धंदाच तो. तरी तेवढा आवाज मला सहन झाला नाही, मी मान फिरवली. पण डोळ्यांत पाणी तेव्हाही आलं नाही.

तो शर्ट माझ्या मशीनशेजारी खुंटीला लटकत होता. येणारी बाई विचारायची, हे काय, शिवायचं राहिलंय वाटतं? मी मशीनचं चाक फिरवायचे. परवा रूथचा फोन आला. "मावशी, महिना झाला. आता कच्चा दोरा घातलास तरी चालतंय. पण आईसाठी फाडलेलं पक्कं कधीच शिवायचं नसतं." मी सगळ्या गावाची उसवलेली शिवण कळणारसुद्धा नाही अशी पक्की करून देते. माझ्याच पोराच्या शर्टाला हातानं लांब लांब टाके घालत बसले. टाके वाकडे गेले. ते मी उसवले नाहीत.

काल तो शर्ट घालून अमोल कॉलेजला निघाला. दारात थांबून छातीकडं बघत म्हणाला, "आई, दिसतंय की गं."

"दिसू दे," मी म्हटलं.