धूळकाकांचं दार

हॉस्पिटलात त्यांना सगळे धूळकाका म्हणत. ऑपरेशन थिएटरची हवा स्वच्छ ठेवणं हे त्यांचं काम. छतातले फिल्टर बदलायचे, हवेतले कण मोजायचं यंत्र लावायचं आणि आकडा चढला की कारण हुडकायचं. कारण बहुतेक वेळा दार. दार उघडलं की बाहेरची धूळ, कपड्यांचे तंतू, माणसांच्या कातडीचा भुगा, सगळं आत येणार आणि उघड्या जखमेवर बसणार. म्हणून ऑपरेशन चालू असताना कुणी दाराला हात लावला की काका त्याला फैलावर घेत. नर्स असो, शिकाऊ डॉक्टर असो, एकदा तर खुद्द अधीक्षकांनाही त्यांनी झापलं होतं. काका ड्यूटीवर असले की लोक लघवीसुद्धा दाबून धरतात, हे काका घरी मोठ्या फुशारकीने सांगत.

मग काकूंच्याच खुब्याचा सांधा बदलायची वेळ आली. सर्जनबाईंनी आधीच बजावलं होतं की आकडा उतरल्याशिवाय त्या सुरी हातात घेणार नाहीत. नव्या सांध्याला जंतू चिकटले तर तो पुन्हा काढावा लागतो. काकूंना टेबलावर घेतलं, कमरेखाली भूल दिली. त्या जाग्याच होत्या. आणि आकडा काही केल्या उतरेना.

काका आत आले, यंत्र बघितलं, बाहेर जाऊन हवा सोडणारं मशीन तपासलं, परत आत. फिल्टरची कड चाचपली, बाहेर. चादरींचा संशय आला, नव्या मागवल्या, आत. मग एका शिकाऊ डॉक्टरची दाढी त्यांच्या डोळ्यांत खुपली, त्याला बाहेर पिटाळलं. परत येऊन बघतात तर आकडा आणखी वर! सर्जनबाई घड्याळाकडे बघायला लागल्या. आज राहू दे म्हणाल्या तर संपलंच. पलंगापासून खिडकीपर्यंत जाताना काकू ओठ कसे आवळतात, ते काका रोज बघत होते.

तेवढ्यात हिरव्या कापडाआडून काकूंचा आवाज आला.

"अहो, मघापासून दार तुम्हीच उघडताय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं, असं काका अजून म्हणतात. जन्मभर जगाची झडती घेतली आणि चोर निघाला तो आपल्याच चपलांत उभा!

ते बाहेर गेले आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसले. थोड्या वेळाने आत हत्यारं वाजायला लागली, तेव्हा त्यांना कळलं की आकडा उतरला. पण मन कुठलं ऐकतंय? एकदाच, बोटभर फट करून बघावं. हात आपोआप हॅण्डलकडे जाई. शेवटी काका त्या हातावरच बसले. मध्ये अधीक्षक आले, आत डोकावू का म्हणाले. काकांनी नुसती मान हलवली, अधीक्षक परत गेले.

काम संपल्यावर सर्जनबाईंनी आतून दार ढकललं, तर ते उघडेना. काकांच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, उठताच येईना. वॉर्डबॉयने काखेत हात घालून त्यांना उभं केलं. सांधा काकूंचा बदलला आणि लंगडत होते काका.

काकूंना बाहेर आणलं, तेव्हा काका ओशाळून म्हणाले, "मी इथंच होतो. आत नाही आलो."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "कुणीच आलं नाही ना."