दुपारी तीन वाजता बोट बघायला या

"मायलेज किती देते?" माझ्या नवऱ्याने विचारलं आणि बोट विकणारे आजोबा त्याच्याकडे नुसते बघतच राहिले. सगळा जन्म त्यांनी बोटी चालवण्यात घालवला होता, आणि हा प्रश्न त्यांना बहुधा पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. मी मान वळवून पाण्याकडे पाहिलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की नवऱ्यामुळे मान कधी वळवायची हे अंगवळणी पडतं.

आम्ही राहतो त्या फ्रीमाँटहून दीड तास ड्राइव्ह करून डेल्टात आलो होतो. दोन मोठ्या नद्या समुद्राला मिळण्याआधी जिथे असंख्य फाटे फोडतात, तो हा भाग. वाटेत टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. ज्यांनी कोणी त्या उभारल्या त्यांनी वारा बघूनच उभारल्या असणार, एवढं तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. इथलं पाणी सकाळी परातीत ओतल्यासारखं शांत असतं आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटला की पार खवळतं. त्या वाऱ्यात माझ्या नवऱ्याला धडपणे घरी परत आणेल अशी बोट हवी होती. म्हणजे त्याला बोट हवी होती. मला तो घरी यायला हवा होता, बोटीचं मला काही पडलेलं नव्हतं.

नवरा नागपूरचा, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या कोणीतरी त्याला बास पकडायला नेलं आणि तिथून तो बिघडला. बास हा गोड्या पाण्यातला मासा. गळाला लागला की तो झुंजतो, मग माझा नवरा त्याच्याशी झुंजतो, त्याला हातात धरून फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडून देतो. मी मालवणची. पकडलेला मासा जावई सोडून देतो हे मी आईला फोनवर सांगितलं. ती हळूच म्हणाली, "बरे आहेत ना ते?"

दर शनिवारी पहाटे बारा फुटी अल्युमिनियमची होडी ट्रेलरवर टाकून तो एकटा निघायचा आणि मी कूस बदलून झोपायचे. परत आला की चहा मागायचा. माझ्या लेखी तो भाजी आणायला गेल्यासारखाच होता.

मार्चमधल्या एका शनिवारी मात्र तो खूप उशिरा आला. चेहरा पांढराफटक. "फोन पाण्यात पडला," म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. बाबा वारण्याआधी शेवटचे आमच्याकडे येऊन राहिले होते, तेव्हाचे सगळे फोटो त्या फोनमध्ये होते, आणि बॅकअप घे, बॅकअप घे म्हणून मी सहा महिने कानीकपाळी ओरडत होते. "ऐक ना," तो म्हणाला. मी म्हटलं, "मला काहीही ऐकायचं नाहीये. आधी बाबांचे फोटो परत आण, मग बोल." दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात येऊन माझ्या मागे उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, "ऐक ना." मी मिक्सर लावला. वाटण केव्हाच बारीक झालं होतं, तरी तो निघून जाईपर्यंत मी मिक्सर बंद केला नाही.

त्यानंतर महिन्याभरात त्याने बोटीचं एक्सेल काढलं. लाटांमध्ये, वाऱ्यात चालेल अशी बास बोट. आमच्याकडे गाडी, घर, मुलीची शाळा, सगळं एक्सेलमध्येच ठरतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने प्रत्येक गोष्टीला गुण दिले: इंजिन, किंमत, मायलेज, सामान ठेवायला जागा. आणि सर्वांत जास्त गुण होते गराजच्या मापाला, कारण आमच्या टाउनहाऊसच्या सोसायटीत बोट बाहेर उभी करायला बंदी आहे. एका रविवारी टेप घेऊन आम्ही दोघांनी गराज मोजलं. लाटा कोणी मोजल्या नाहीत. म्हणजे बोट पाण्यात चालवायची होती आणि आम्ही ती निवडत होतो गराजसाठी! हे आज मी लिहितेय. त्या दिवशी टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं.

आजोबांकडे विकायला दोन बोटी होत्या. घरामागच्या धक्क्यालाच बांधलेल्या. एक सतरा फुटी, अल्युमिनियमची, चपट्या बुडाची. एक्सेलमध्ये हिचा पहिला नंबर. दुसरी फायबरची, जुनी, वीस फुटांहून लांब, रुंद आणि अवजड. ती गराजात मावणारच नव्हती, म्हणून ती यादीत सर्वांत खाली. नवऱ्याने सकाळची वेळ मागितली होती. आजोबा फोनवर म्हणाले होते, "सकाळी सगळ्याच बोटी चांगल्या असतात. दुपारी तीन वाजता या."

बास बोट मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिली आणि मला धक्काच बसला. तिला कठडा नव्हता! पुढे उभं राहून गळ टाकायला एक सपाट मोकळा भाग, मध्ये दोन खुर्च्या, आणि बोटीचा काठ पाण्यापासून जेमतेम हातभर वर. आमच्या मालवणात खाडीतल्या होडीलासुद्धा याहून खोली असते. आजोबांनी आम्हाला लाइफ जॅकेट दिली. नवऱ्याने त्याचं बक्कल लावलं, ओढून बघितलं, परत काढून परत लावलं.

"दोघांना पोहता येतं ना?" आजोबांनी विचारलं.

"येस, ऑफ कोर्स," नवरा म्हणाला.

मला शंका यायचं कारणच नव्हतं. लग्न ठरवताना त्याचा बायोडेटा आमच्या घरी आला, त्यात लिहिलं होतं: छंद, वाचन आणि पोहणे. बाबांनी त्यातल्या एकाच शब्दाखाली पेनाने रेघ मारली होती. नागपूरकडचं स्थळ आईला फार लांब वाटत होतं. बाबा म्हणाले होते, "मुलाला पोहता येतंय, मग आपल्यात रुळेल." तसा त्याला कानाचा त्रास आहे. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यामुळे एकोणीस वर्षांत तो कुठेही पाण्यात उतरला नाही. मालवणला नाही, हवाईला नाही, मुलीच्या स्विमिंग क्लासलाही नाही. तो काठावर टॉवेल आणि फोन घेऊन बसायचा. मी त्याच्यासाठी कानातली बुचं आणून दिली होती, तीन वेगवेगळ्या प्रकारची.

आजोबांनी आधी सतरा फुटी बोट काढली. फाट्यातून मोठ्या पाण्यात येईपर्यंत सगळं छान होतं. नवरा इंजिनाबद्दल काहीतरी विचारतही होता. मग वळण संपलं आणि वारा तोंडावर आला. पाणी करड्या रंगाचं झालं होतं आणि लाटा एकीमागून एक, मध्ये श्वास घ्यायलाही जागा न ठेवता येत होत्या. चपटं बूड प्रत्येक लाटेवर असं आदळायचं की दगडावर धुणं आपटल्याचा आवाज यायचा आणि माझे दात दातांवर वाजायचे. आजोबांनी वेग कमी केला. त्याबरोबर पुढचं टोक खाली गेलं आणि समोरची लाट सरळ आत आली. एवढं पाणी! क्षणात माझे बूट बुडाले.

तेवढ्यात माझा हात कोणीतरी इतका करकचून धरला की बांगडी मनगटात रुतली. नवरा होता. तो ओरडला, "मला पोहता येत नाही!"

"काय?"

"पोहता येत नाही मला! कधीच येत नव्हतं!"

वाऱ्याचा आवाज कानात भरला होता, पण मला शब्दन् शब्द ऐकू आला. लाटेची भीती त्या क्षणी कुठल्या कुठे गेली. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला आठवला तो कागद, ती रेघ, बाबांचा हात. आजोबांना मराठी कळायचं कारण नव्हतं, पण त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, काही न विचारता दोन लाटांच्या मधली जागा पकडून बोट वळवली आणि आम्हाला हळूहळू धक्क्याला आणलं.

धक्क्यावर पाय टेकल्या टेकल्या मी सुरू झाले. "बायोडेटात लिहिलं होतंस तू!"

"मामांनी लिहिलं होतं यार. ते म्हणाले, नुसतं वाचन बरं दिसत नाही, अजून काहीतरी टाकू."

"आणि कान?"

"कान ठीक आहेत."

तीन प्रकारची बुचं! मला इतका संताप आला की मी त्याच्याकडे पाठ केली आणि आजोबांना म्हटलं, मला दुसरी बोट बघायची आहे, आत्ताच. त्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या बोटीची दोरी सोडली. इंजिन सुरू करताना त्यांनी दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडून मला दाखवले: या बोटीचं बूड असं आहे, ती लाट चिरत जाते. मग एक तळवा आडवा धरला: आणि ती दुसरी अशी, ती लाटेवर आपटते.

आजोबा आणि मी पुन्हा त्याच पाण्यात गेलो. लाटा त्याच होत्या, वारा उलट वाढला होता. तुषार अंगावर आलेच, पण बोटीने नाक वर ठेवलं. एकही लाट आत आली नाही. वजन, लांबी, रुंदी, काठाची उंची, जे जे आमच्या एक्सेलमध्ये गैरसोय म्हणून लिहिलं होतं, त्याच्याच जिवावर मी निर्धास्त बसले होते. परतताना वळण ओलांडलं तर धक्क्यावर नवरा उभा होता. जमिनीवर असूनही त्याने लाइफ जॅकेट काढलं नव्हतं. आणि मग मी शनिवार मोजले. शंभर शनिवार. शंभर शनिवार हा माणूस बारा फुटी होडीत एकटा या पाण्यावर येत होता आणि मी कूस बदलून झोपत होते.

परत आले तोवर राग निम्मा उतरला होता. मी त्याच्याजवळ बसले. "बोट चांगली आहे," मी म्हटलं. "पण मला एक सांग. पोहता न येणाऱ्या माणसाला लाटांमध्ये चालणारी बोट हवी कशाला? तू वारा सुटायच्या आत घरी येतोस ना?"

त्याने बूट काढून आतलं पाणी ओतलं.

"मार्चमध्ये फोन पडला होता ना," तो म्हणाला, "तेव्हा फोनसोबत मी पण पडलो होतो."

पुढचं त्याने तुटक तुटक सांगितलं. वारा त्या दिवशी लवकर सुटला. गळ झुडपात अडकला म्हणून तो उभा राहिला, होडी आडवी झाली, लाट आली. जॅकेट एरवी तो बुडाखाली उशीसारखं घ्यायचा. त्या दिवशी अंगात घातलं होतं, कारण थंडी वाजत होती. थंडी वाजत होती म्हणून! लांबून दोन अनोळखी माणसांनी पाहिलं, बोट आणली, जॅकेटच्या पट्ट्याला धरून त्याला वर ओढलं. मग दोन तास तो गाडीत हीटर लावून कपडे वाळवत बसला, मला कळू नये म्हणून. आणि घरी आल्यावर मात्र त्याला ते सांगायचं होतं.

"सांगायला आलो होतो मी," तो म्हणाला. "दोनदा."

मला मिक्सरचा आवाज आठवला. त्याच्या अंगाला तेव्हा नदीचा वास येत असणार आणि मी त्याच्याकडे फोटो मागत होते. मी तिथे धक्क्यावर, परक्या माणसासमोर, मोठ्याने रडले. नवरा आपला "अगं, आहे ना मी, आहे ना," म्हणत राहिला.

आजोबा दोऱ्या बांधून आले. आमच्यात काय चाललंय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या जॅकेटचं बक्कल स्वतः सोडवलं आणि म्हणाले, "दोन्हींपैकी एकही बोट मी तुम्हाला विकणार नाही. आधी पोहायला शिका. तोवर मोठी मी तुमच्यासाठी राखून ठेवतो." नवऱ्याने मान हलवली. मायलेजचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी आम्ही पूलवर जातो. मोठ्यांच्या वर्गात तीनच जण आहेत. मुलीला कळलं तेव्हा ती आधी हसली, मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. "वेट, सीरियसली?" एवढंच म्हणाली आणि स्वतःचा पोहायचा चष्मा बापाच्या बॅगेत टाकून आली. तो छातीएवढ्या पाण्यात भिंत धरून उभा राहतो, शिकवणारी बाई सोड म्हणते, तो सोडतो आणि लगेच परत धरतो. काठावर टॉवेल आणि फोन घेऊन आता मी बसते.

परवा मी फोनमध्ये आईला मेसेज लिहीत होते. पाण्यातून हाक आली, "ऐक ना."

मी फोन बाकावर टाकला, चपलांसकट ओल्या काठावर जाऊन बसले आणि म्हटलं, "बोल."