मले घे

आमच्या बालाघाटच्या घरी माही बायको लोकाइची लेकरं सांभाळते. मी सकाळी भाजीची गाडी लावतो अन् दुपारून घरी येऊन तिच्या कामात लुडबुड करतो. शाळेत मी गेलतो, पन छपरावरचे कवेलू फेराले.

त्या लेकराइत एक दीड वर्षाचा पोट्टा होता. त्याची माय बँकेत. रीवाकडून बदली होऊन आलती, घरी मायलेक दोघंच. तिले मराठी येत नव्हतं. तिनं सांगून ठेवलं होतं का रोज दुपारी मोबाईलवर बोलून पाठवा: काय खाल्लं, कसा चालला, काय नवीन केलं, कोनता शब्द बोलला. लिवाचं नव्हतं म्हनून हे काम माह्याकडं आलं. बायको म्हने, "तुमची जीभ तशीबी रिकामीच राह्यते."

आता बँकवाल्या म्याडमसंग बोलाचं म्हन्जे हिंदी पाह्यजे, अन् तेबी भारी. मी गळा साफ करून सांगो, "मैडम, आज बालक ने दाल-भात ग्रहण किया. तत्पश्चात पलंग पकड़कर टहला." बायको पदरात तोंड घालून हासे. मले वाटे, काय रुबाब हाये आपला!

शब्दाचं विचारलं का मी सांगो, "अभी नहीं बोला, मैडम."

अन् पोट्टा तं दिवसभर बडबड करे. माह्या बायकोले "वं माय" म्हने. मांजर आली का "हट बे!" हे मीच शिकवलं होतं. पन म्याडमले कसं सांगू? आमचं बोलनं घरातलं, त्याले कोनी शब्द धरते का? असंच वाटे मले. अन् 'बे' ऐकून तिनं पोट्टा दुसरीकडं ठेवला तं, हे भेवबी होतं.

एकदा तिनं मोबाईलवरच विचारलं, "अंकल, मैं रोटी बनाती हूँ तो पैर पकड़कर मलेघे-मलेघे करता है. पता नहीं क्या. वहाँ भी करता है?"

"जी मैडम, यहाँ भी मलेघे-मलेघे ही करता है."

मले समजलं नाही असं नाही. लगेच समजलं. पन हिंदीत मी इतका वर चढलो होतो का खाली उतरता येईना.

मंग एक दिवस ती भरदुपारी आली. डोळे सुजलेले. गोंदियाले कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावला होता. बायकोले म्हने, "दीदी, मुझे लगता है इसे सुनाई नहीं देता. गूँगा तो नहीं रह जाएगा?"

"अवं, कोन म्हनते असं?"

"अंकल ही तो रोज बताते हैं."

बायकोनं माह्याकडं पाह्यलं. मी भाजीचं पोतं झटकून राह्यलो होतो. झटकतच राह्यलो.

तेवढ्यात पोट्ट्यानं मायची ओढनी धरली. "मले घे. घे ना वं!"

"देखिए, फिर वही!" ती रडाले लागली.

बायको म्हने, "अवं बाई, मले म्हन्जे मुझे. गोदी में ले, असं म्हनून राह्यला तो तुले!"

तिनं त्याले पटकन उचललं. त्यानं खांद्यावर डोकं टाकलं. किती संध्याकाळी त्यानं हेच मांगितलं असन, हे ती मनात मोजत असन. मी तं मोजतच होतो.

"अंकल, आप तो समझते थे न?"

"हौ," मी म्हटलं.

चिल्लावली असती तं बरं झालं असतं. ती हळूच म्हने, "सबसे पहला शब्द क्या बोला था इसने?"

'मम्मी' म्हनून देऊ, असं जिभेवर आलतं. तिले बरं वाटलं असतं, मीबी सुटलो असतो. पह्यला शब्द तो माह्याच समोर बोलला होता अन् मी लय हासलो होतो, एवढं ध्यानात होतं. शब्द आठवेना. तसंच सांगतलं तिले.