डाव्या हाताचा सराव

क्रिकेटबद्दल लिहायचा मला काही अधिकार नाही, हे आधीच सांगतो. मी फारसा खेळलेलो नाही. आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिताना चुकलं तर सुधारून देणारंही घरात कुणी नाही. तरी धाडस करतोय. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही कोलशेतला खाडीजवळ भाड्याच्या खोलीत राहतो. वडील कंपनीतल्या कामासाठी साताऱ्याकडून आलेले. आमच्या घरमालकीण काकी कोळी आहेत, नाक्यावरच्या बाजारात मासे विकायला बसतात. त्यांच्या मुलाला मी दादा म्हणतो. तो डावखुरा. क्लबपर्यंत खेळला, पुढे जमलं नाही. मग तो फलंदाजांना सराव देऊ लागला. पळीसारखी लांब दांड्याची एक काठी असते, तिच्यात चेंडू धरून फेकला की तो वेगवान गोलंदाजाच्या चेंडूसारखा जातो. दादा दिवसभर तेच करायचा आणि संध्याकाळी ओट्यावर खांदा शेकत बसायचा.

आपला संघ वनडे आणि ट्वेंटी-ट्वेंटीसाठी ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा हे काम करणारा नेहमीचा डावखुरा माणूस आजारी पडला आणि दादाला बोलावणं आलं. फक्त त्या दौऱ्यापुरतं. काम आवडलं तर कायम ठेवू, असं त्याला सांगितलेलं. निघताना तो मला म्हणाला, आईला हे नीट समजावून सांग.

ते राहून गेलं, कारण दुसऱ्याच दिवशी नाक्यावर बॅनर लागला. वर नेत्यांचे फोटो, मध्ये हात जोडलेला दादा आणि खाली ‘भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. बॅनर लावणाऱ्या मंडळाच्या पोरांना मी म्हटलं, अरे, तो खेळायला नाही गेलेला. त्यांचं म्हणणं, टीमच्या विमानात बसला ना, मग टीममध्येच. तुझी का जळते, असंही एकाने विचारलं. काकी तर बॅनर बघून इतक्या खूश होत्या की त्यांना खरं सांगायचं मी टाळलं.

पहिल्या वनडेला काकी बाजार सोडून सकाळपासून टीव्हीसमोर बसल्या. सामना संपला, दादा दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात शेजारी बसणाऱ्या बाईने विचारलं,

“काय गो, तुजा पोऱ्या कवा खेलनार? का पानी द्यायला नेलाय?”

काकी तिथे हसल्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला बोलावलं आणि खरं काय ते विचारलं. मी सगळं सांगितलं. तो एकाही सामन्यात खेळणार नाही, आणि त्याला ठेवतील की नाही हे दौरा संपल्यावरच कळेल. त्यांनी कोळंबी सोलायला घेतली. मग म्हणाल्या, याने टाकलेला चेंडू त्या मोठ्या माणसांना लागला तर? मी म्हटलं, पॅड असतात.

दुसऱ्या वनडेत पाऊस आला. खेळ थांबला तसा कॅमेऱ्याने छपराखाली चाललेला सराव दाखवला. आपला एक फलंदाज चेंडू तटवत होता. टाकणारा मात्र खांबाआड होता, नुसता हात दिसत होता. मला वाटलं, कुणीही असेल. काकी उठून टीव्हीजवळ गेल्या.

“त्योच हाय. खाडीत जालं फेकताना असाच हात मागं नेतो.”

तेवढ्यात चित्र बदललं, छत्री घेतलेले पंच दिसू लागले. पण काकी त्या दिवशी पुन्हा बसल्या नाहीत, टीव्हीजवळ उभ्याच राहिल्या. शेजारच्या बाईला त्यांनी नंतर सांगितलं,

“माजा पोऱ्या खेलत नाय. खेलनाऱ्यांना तयार करतो.”

मग बॅनर खोटा का लावला, असं तिने विचारलं. तर काकी म्हणाल्या, तो काय मी लावला?

तरी काळजी वाढलीच. ऑस्ट्रेलियाच्या डावखुऱ्या गोलंदाजाने आपला सलामीवीर बाद केला की काकी माझ्याकडे बघायच्या. डाव्या हाताचा सराव द्यायला तर दादा गेलेला. आपण वनडे मालिका हरलो तेव्हा त्यांनी विचारलं, आता याच्यावर ढकलतील का रे? असं नसतं, मी म्हणालो. खरं तर मलाही तीच भीती होती. ट्वेंटी-ट्वेंटीत आपले फलंदाज जरा बरे खेळले, तशा त्या जेवू लागल्या.

शेवटचा सामना झाला, पण दादाचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाजारातल्या बायका आता टोमणे मारत नव्हत्या, ठेवला का, एवढंच विचारत होत्या, आणि काकींना ते जास्त जड जात होतं.

माझी परीक्षा चालू होती. पेपर देऊन कॉलेजच्या गेटबाहेर आलो, फोन चालू केला, तर दादाचा व्हॉइस मेसेज होता. आवाज बसलेला, मागे माणसांचा गलका.

“ठेवलं रे मला. जुन्या माणसाबरोबर मी पण. आईचा फोन लागत नाय. तू जाऊन सांग तिला.”