चाकाखालचा दगड

आमच्या ह्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा मी एवढंच सांगितलं होतं, घ्यायची तर लहान घ्या. जुन्नरच्या पेठेत आमचं बी-बियाणांचं दुकान, घरात माणसं चार, आणि आमच्या आळीत समोरून बैलगाडी आली तरी कुणाला तरी ओट्यावर चढून उभं राहावं लागायचं. पण ऐकतील ते हे कसले! पुण्यात कुणी निवृत्त साहेब आपली गाडी विकणार असल्याचं ह्यांच्या कानावर आलं आणि दोन दिवसांत ती आमच्या दारात आली. पांढरी, लांबलचक, डिकीत खताच्या गोण्या मावतील एवढी मोठी, आणि सीट अशी की बसलं की माणूस निम्मा आत जायचा. नव्वदच्या दशकाचा शेवट होता तो. मी गाडीला ओवाळलं, बोनेटवर हळदकुंकू लावलं आणि मनात म्हटलं, आता ही वळवणार कुठे?

ह्यांचं शास्त्र ठरलेलं होतं. लहान गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, चार वर्षांत भंगार. मोठ्या गाडीचा भाव पडत नाही, ती कधीही विका, घेणारा हात जोडून येतो. हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मात्र ते हे ऐकवायचे, आणि कांद्याचं बी घ्यायला आलेला माणूस बिचारा मान हलवायचा.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग बाईसाहेबांचे नखरे सुरू झाले. उन्हाळ्यात तापायची, थंडीत उठायची नाही. काही मोडलं की पार्ट पुण्याहून मागवायचा, आणि तो येईपर्यंत गाडी दारात ठाण मांडून बसायची. एका वर्षी तर मी तिच्या बोनेटवर कुरडया वाळत घातल्या. हे चिडले, पण कुरडया छान वाळल्या.

सगळ्यात वाईट होता तो सेल्फ. चावी फिरवली की नुसतं कट्ट व्हायचं आणि पुढे काही नाही. आमची आळी शिवनेरीच्या अंगाला चढत जाते, त्यामुळे ह्यांनी उपाय काढला. गाडी आळीच्या वरच्या टोकाला लावायची, तोंड उताराकडे, आणि पुढच्या चाकाखाली दगड. सकाळी हे आत बसायचे, मी दगड काढायची, गाडी घरंगळायची आणि जाता जाता हे गिअर टाकायचे. चालू झाली तर ठीक. नाही झाली तर उताराच्या तळाला गॅरेज होतंच, ती आपली आपण तिथे जाऊन थांबायची. दगड कुकडीच्या पात्रातून आणलेला, काळा, तळहातात नीट बसणारा. गावाला जाताना तो डिकीत बरोबर यायचा, कारण पोचल्यावर हे आधी उतार शोधायचे आणि मग पाहुण्यांचं घर.

तरी लग्नसराईत गाडीला मागणी असायची. नवरदेवाला मिरवायला मोठी गाडी लागते, आणि हे कुणाला नाही म्हणायचे नाहीत. झेंडूच्या माळा लावून गाडी मांडवाकडे निघायची आणि वऱ्हाड मागून ढकलत यायचं. अर्ध्या जुन्नरनं ती गाडी कधी ना कधी ढकललेली होती.

माझी आई तळेघरला राहायची. वडील गेल्यावर एकटीच. थोडं भात, थोडी नाचणी, दोन म्हशी, एवढ्यावर तिचं नीट चाललं होतं, आणि जुन्नरला राहायला ये म्हटलं की म्हशींचं कारण पुढे करायची. पुढे तिच्या छातीचं दुखणं निघालं. जुन्नरच्या डॉक्टरांनी दर महिन्याला तपासायला यायला सांगितलं, औषध कमीजास्त करावं लागेल म्हणाले. तळेघरला एसटी कमी, आणि फाट्यापर्यंत चालायचं म्हणजे तिला धाप लागायची. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा गाडी घेऊन जायचो, तिला आणायचो आणि दुपारी परत पोचवायचो.

परत जाताना डिंभ्याच्या पुढे चढ लागला की गाडी हमखास तापायची. एका वळणावर जांभळाचं झाड होतं, तिथे आम्ही थांबायचो. हे बोनेट उघडून पाण्याचा कॅन घेऊन ओढ्याकडे जायचे आणि आई आणि मी झाडाखाली बसायचो. मग ती बोलायला लागायची. माझ्या लहानपणचं, वडिलांचं, कोणत्या खाचरात कोणतं भात साधतं त्याचं. एरवी दुकान, घर, पोरांच्या शाळा, यातून आईजवळ निवांत बसणं मला कधी जमलंच नाही. खरं सांगते, बोनेटमधून वाफ निघाली की मला मनातून बरं वाटायचं. ह्यांना हे कधी सांगितलं नाही, नाहीतर म्हणाले असते, बघ, मोठ्या गाडीचा फायदा.

एका सकाळी आईला घेऊन आम्ही खाली येत होतो. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. नेमकी सपाटीवर, पुढे-मागे उताराचं नाव नाही. चावी फिरवली, कट्ट. मी उतरून ढकलायला लागले, पण ते लोढणं माझ्या एकटीनं हलतंय कुठलं? शेवटी हेही उतरले. दार उघडं ठेवून एका हातानं स्टेअरिंग धरून ढकलत होते, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. रस्त्यानं तळेघरची माणसं चालली होती, ती थांबून बघायला लागली. मी वळून बघते तर आई माझ्या शेजारी, पदर खोचून, दोन्ही हात डिकीला लावलेली. मी ओरडले. ती बाजूला झाली, छातीवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला बसली आणि धापा टाकायला लागली.

ती सावरली, पण डॉक्टर त्या दिवशी गाठता आले नाहीत. तळेघरला तिच्या घरी परत पोचल्यावर तिनं मला आत बोलावून सांगितलं, आता ती त्या गाडीत बसणार नाही. छाती दुखली म्हणून नव्हे. जावई पाटावर बसवायचा माणूस, त्यानं सासूपायी साऱ्या गावासमोर गाडी ढकलायची म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, भाड्यानं जीप करते. तर म्हणाली, जावयाच्या दारात गाडी असताना मी भाड्याच्या गाडीत बसले तर लोक जावयालाच हसतील. घ्या! दोन्हीकडून वाट बंद.

महिना गेला, दुसरा गेला. आई आली नाही. गोळ्या जुन्याच खात होती, त्याही मनाला येईल तेव्हा. माझा जीव टांगणीला लागला. एक दिवस जेवता जेवता मी ह्यांना सांगून टाकलं, ही गाडी विका आणि एक लहान, धड चालणारी घ्या, नाहीतर माझी आई तिथे वर मरेल आणि आपण इथे मोठी गाडी पुसत बसू. हे जेवायचे थांबले. त्यांनाही ते मनातून लागलंच होतं. म्हणाले, विकू, मोठ्या गाडीला गिऱ्हाईक काय, उद्या उभं राहील.

उद्याचं परवा झालं. तोवर जुन्नरला लहान गाड्यांचा सुळसुळाट झाला होता. शेजारच्या कापडवाल्या शेठजींनी आपली लहान गाडी विकायला काढली, तर दुपारपर्यंत तीन माणसं त्यांच्या ओट्यावर बसली. शेठजींचं घराणं मूळचं मारवाडातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या पेठेत काढलेल्या, बोलायला आमच्यापेक्षा गोड. हे त्यांनाच म्हणाले, तुम्ही घ्या माझी. शेठजी म्हणाले, अहो, ती तर आपलीच गाडी, आपलीच वस्तू विकत काय घ्यायची? त्यांच्या पोराच्या लग्नात त्यांनी स्वतः ढकलली होती ती.

गावातलं कुणी घेणार नाही हे कळल्यावर ह्यांनी बाहेर सांगून ठेवलं. आळेफाट्याच्या पलीकडचा एक बागायतदार येतो म्हणाला, त्याला मोठीच गाडी हवी होती. तेव्हा कुठे ह्यांनी ती खालच्या गॅरेजात नेली आणि सगळं करून घेतलं. सेल्फ नवा, बॅटरी नवी, रेडिएटर बदलला. इतकी वर्षं मी ओरडत होते तेव्हा नाही, बायको ढकलत होती तेव्हा नाही, परका माणूस बघायला येणार म्हटल्यावर गाडी नीट झाली. गाडी खरोखर एका चावीत सुरू व्हायला लागली, आणि मला वाटलं, सुटलो एकदाचे.

बागायतदार सकाळी आला. शांत माणूस, टोपी काढून ओट्यावर ठेवली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. दार उघडून बंद केलं, सीटवर हात फिरवला, डिकीत वाकून पाहिलं. गाडी त्याला आवडली होती, तोंडावरच दिसत होतं. मग तो पुढच्या चाकाशी आला आणि थांबला. आदल्या संध्याकाळी ह्यांनी गाडी धुतली, पुसली आणि सवयीनं नेऊन वरच्या टोकाला लावली होती. तोंड उताराकडे. चाकाखाली दगड. त्यानं पायाच्या अंगठ्यानं तो दगड जरा हलवून पाहिला.

"पावणं, गाडी झकास हाय," तो म्हणाला. "पर ह्यो दगड लई दिसाचा दिसतोय."

ह्यांनी घाईघाईनं आत बसून चावी फिरवली. गाडी पहिल्या दमात सुरू झाली, आवाज कसा, एकदम मऊ. बागायतदारानं कान देऊन ऐकलं.

"सेल्फ आज लागला," तो म्हणाला, चहा प्यायला, टोपी घातली आणि गेला.

मी कपाळाला हात लावला. हे ओट्यावर बसले ते दुकान उघडायची वेळ झाली तरी उठले नाहीत. खरं तर माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि दुसरा चहा ठेवला. इतक्या वर्षांत मोठ्या गाडीच्या भावाबद्दल ते त्या दिवशी पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात डॉक्टरांचा वार आला. सकाळी हे म्हणाले, चल, मामींना घेऊन येऊ. माझ्या आईला ते मामी म्हणायचे. मी म्हटलं, येणार नाही ती. म्हणाले, चल तर खरी. मी दगड उचलला आणि डिकी उघडायला गेले, तर म्हणाले, ठेव तो तिथेच, भिंतीशी.

तळेघरला आमची गाडी नेहमी देवळापाशी लागायची, तिथे उतार आहे. त्या दिवशी ह्यांनी ती सरळ आईच्या अंगणात नेली, खळ्याच्या सपाट जागेवर, आणि बंद केली. आई हात पुसत बाहेर आली. आमच्याकडे बघितलंच नाही, आधी चाकाकडे बघितलं. मग पलीकडच्या बाजूला जाऊन तिकडचंही चाक बघून आली. शेजारच्या दोघीतिघी कुडाशी येऊन उभ्या होत्या.

"पावणं, दगड कुठाय?"

"घरी ठेवला, मामी."

ती ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ती घरात गेली. मला वाटलं, झालं, चहा ठेवायला गेली, चहा पाजून वाटेला लावणार आपल्याला. तर थोड्या वेळानं नवं लुगडं नेसून, गोळ्यांची पिशवी काखेत मारून बाहेर आली आणि मागचं दार स्वतः उघडून बसली. ह्यांनी चावी फिरवली. त्या गाडीला आयुष्यात मिळालं ते हे एकच गिऱ्हाईक.

डॉक्टर आईला रागावले, मला त्याहून जास्त रागावले, आणि गोळ्या बदलून दिल्या. अजून उशीर केला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी आईला नाही, मला बाजूला घेऊन सांगितलं. परतताना मी तिचा हात हातात धरून बसले होते. डिंभं गेलं, चढ लागला, आणि गाडी तापायचं नावच घेईना. जांभळाचं वळण दिसलं तशी आई पुढे वाकली.

"थांबवा की वाईच, पावणं. नेहमीच्या जाग्याला."

ह्यांनी गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला. तोंड चढाकडे, म्हणून इंजिन चालूच ठेवलं. बंद करायची त्यांची छाती होईना, मला कळत होतं. आई म्हणाली, ती घरघर बंद करा, काही ऐकू येत नाही. ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांनी चावी मागे फिरवली. एकदम शांत झालं, ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. आई खाली उतरून झाडाखाली बसली, मी तिच्याजवळ बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच हेही कॅन न घेता येऊन बसले. आईनं वडिलांची एक गोष्ट सांगितली, मी दहादा ऐकलेली. ह्यांनी मात्र ती पहिल्यांदाच ऐकली, कारण इतकी वर्षं ते पाणीच आणत होते.

ऊन उतरलं तसे आम्ही उठलो. हे आत बसले, चावी धरून जरा थांबले आणि मग फिरवली. गाडी एका दमात लागली.

आईनं दार ओढून घेतलं, पदर सारखा केला आणि ह्यांना विचारलं, "मंग पुढल्या महिन्यात कंच्या वारी येताय?"