लाइट आली की वाजणारी पेटी

बाबांनी अंथरूण नाल्यापलीकडच्या मोटरघरात नेलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. रिसोडकडच्या आमच्या गावात शेतीची लाइट कधी येईल याचा भरवसा नाही. विहीर चुलत्यांसोबत सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली, त्यामुळे आपोआप चालू होणारी मोटर लावायला कोणी तयार नाही. आपल्या पाळीला लाइट आली अन् माणूस हजर नसला, की हरभरा कोरडाच. म्हणून दम्याचा हा माणूस थंडीत तिथं मुक्काम ठोकणार!

"बाबा, तुमी घरीच झोपा. लाइट आली की पेटी वाजंल," म्हटलं.

जुन्या टीव्ही-गेममधली आवाजाची चिप काढून एका पेटीत बसवली, मोटरघरापासून घरापर्यंत तार ओढली आणि असेंब्लीत, म्हणजे चिपच्या थेट आज्ञांच्या भाषेत, प्रोग्राम लिहिला. त्यात एक आज्ञा फार कामाची: मेमरीतल्या अमुक पत्त्यावरचा अमुक बिट, म्हणजे शून्य-एकाची खूण, पाहा, तो एक असेल तर सूर वाजवायच्या ओळीवर उडी मार, नाहीतर पुढं चल. लाइट आली की तो बिट एक होणार. सोपं!

सोपं कसलं डोंबलाचं? पेटी वाजली, बाबा धापा टाकत शेतात गेले, तर लाइट नाहीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"काहून रे, मले येड्यात काढून राह्यला का? त्यापेक्षा मी तिथंच बरा."

चूक सापडली तेव्हा स्वतःचाच राग आला. त्या आज्ञेत पत्ता अर्धाच लिहितात. तो मेमरीच्या पहिल्या पानावरचा की दुसऱ्यावरचा, हे आधी सांगून ठेवावं लागतं. सुरुवातीलाच सुराची तयारी करताना मी दुसरं पान उघडलं आणि पहिल्यावर परत यायचं राहूनच गेलं. घरनंबर बरोबर, गल्ली चुकलेली. सुराचाच कुठलातरी बिट चिपला लाइट वाटत होता. एक ओळ वाढवली आणि बाबांना हातापाया पडून एक दिवस घरी थांबवलं.

दुपारपर्यंत पेटी गप्प.

"मेली वाटते तुही पेटी," बाबा चहा पिता पिता म्हणाले. तेवढ्यात ती वाजली. बाबा सावकाश उठले, चप्पल घातली, गेले. मी फोन हातात घेऊन दारात उभा.

मग फोन आला. "आली बरं लाइट. पाणी चालू हाय."

हुश्श! मी ओट्यावर बसकणच मारली.

संध्याकाळी बाबा नाला ओलांडून येताना दिसले. खांद्यावर अंथरूण होतं. ते आईपुढं टाकत म्हणाले, "धुऊन टाक वं, लय धूळ बसली."